कऱ्हेचे पाणी आणि उज्जयिनीची भिंत

आत्मचरित्र लिहिणारे लोक सामान्यतः दोन प्रकारचे आढळतात. आपल्या हातून जे जे घडले ते सारे पूर्वनियोजित होते अशा थाटात लिहिणारे काही असतात. आपल्यावर जगाने केवढा अन्याय केला याची वही उघडून बसणारे काही असतात. तिसरा प्रकार विरळा. स्वतःची फजिती स्वतःच्याच तोंडाने, काहीशा कौतुकाने सांगावी आणि सांगता सांगता ऐकणाऱ्याच्या मनात ‘आपणही काही करून पाहावे’ अशी उमेद जागवावी, असे लिहिणारे मराठीत थोडे झाले. त्यांत आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागेल. अत्रे विनोदी लेखक होते, नाटककार होते, वक्ते आणि पत्रकार होते, हे सर्वांस ठाऊक आहे. ते चित्रपटकारही होते, आणि स्वतंत्र भारतातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्यांच्या चित्रपटाला मिळाले होते, हे मात्र पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. आज या चित्रपटकाराच्या आत्मकथनाविषयी बोलावयाचे आहे; आणि ते उज्जयिनीच्या संदर्भात बोलावयाचे आहे.

अत्र्यांचा आणि उज्जयिनीचा काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा, पुणे जिल्ह्यातील सासवडजवळच्या कोढीत खुर्द या गावचा. सासवडला वळसा घालून जाणारी कऱ्हा ही त्यांची नदी. तिच्याच नावावरून त्यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ असे नाव दिले. कऱ्हा पुढे नीरेला मिळते, क्षिप्रा चंबळेला मिळते. भूगोलात या दोघींची गाठ कोठेही पडत नाही. परंतु मराठी चित्रपटाच्या इतिहासात ती एकदा नव्हे, दोनदा पडलेली आहे.

पहिली गाठ १९४२ साली पडली. त्या साली ‘अत्रे पिक्चर्स’ या संस्थेने ‘वसंतसेना’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक होते गजानन जागीरदार. कथा शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ची, म्हणजे उज्जयिनीच्या रस्त्यांची, उद्यानांची, जुगारी अड्ड्यांची आणि न्यायसभेची. हे नाटक मराठी प्रेक्षकाला परके नव्हते. गोविंद बल्लाळ देवल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ते संगीत नाटकाच्या रूपाने आपल्या रंगभूमीवर आणले होते. चित्रपटवाल्यांनाही त्याची भुरळ वारंवार पडत आली. मोहन भवनानी यांनी १९३१ साली काढलेल्या ‘वसंतसेना’ या मूकपटात कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी काम केले होते, आणि पुढे १९८४ मध्ये गिरीश कार्नाड यांनी याच कथेवर ‘उत्सव’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. या दोहोंच्या मधला मराठी दुवा म्हणजे अत्र्यांची ‘वसंतसेना’.

दुसरी गाठ अधिक जिव्हाळ्याची आहे. या चित्रपटात वसंतसेनेचे काम करणाऱ्या वनमालाबाई खरोखरीच उज्जैनच्या. मूळ नाव सुशीला पवार. जन्म १९१५ सालचा, उज्जैन शहरातला. वडील ग्वाल्हेर संस्थानात मोठ्या अधिकारावर होते. मुलगी शिकली, पदवीधर झाली आणि पुण्यात येऊन अत्र्यांच्या शाळेत शिक्षिका म्हणून काम करू लागली. त्या काळी सरदार घराण्यातील सुशिक्षित मुलीने चित्रपटात जाणे ही साधी गोष्ट नव्हती. तथापि १९४० च्या ‘लपंडाव’ने त्या पडद्यावर आल्या, १९४१ मध्ये सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये त्यांनी रुख्साना साकारली, आणि पुढच्याच वर्षी उज्जयिनीत जन्मलेली ही स्त्री पडद्यावर उज्जयिनीची वसंतसेना झाली.

उज्जैनमधील मराठी घरांना या योगायोगाचे विशेष अप्रूप वाटावे असे आहे. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी या नगरीत होती. आज जे महाकालाचे मंदिर आपण पाहतो त्याचा अठराव्या शतकातील जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी केला. गावाच्या मध्यभागी उभे असलेले गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधविले. म्हणजे मराठी भाषा येथे पाहुणी म्हणून आलेली नाही. तिने येथे संसार थाटला आहे. तरीही महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला, विशेषतः तरुणाला, एक संकोच नेहमी ग्रासत असतो. आपली भाषा पुण्याची नव्हे, आपले उच्चार हिंदीच्या सहवासात वाढलेले, मग आपण काही लिहावे, काही रचावे, तर लोक हसतील! या हसण्याच्या भयाने कित्येकांच्या वह्या पेटीतच राहतात. नेमक्या याच भयावर अत्र्यांचे आत्मकथन हे एक उत्तम औषध आहे, असे मला वाटते.

अत्र्यांनी स्वतःविषयी दोनदा विस्ताराने लिहिले. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मी कसा झालो’ या पुस्तकात आपण जीवनातील निरनिराळ्या भूमिकांत कसे शिरलो याची हकीकत त्यांनी सांगितली. त्या पुस्तकाच्या नावातच अर्धा उपदेश आहे. ‘मी कोण आहे’ असे ते म्हणत नाहीत, ‘मी कसा झालो’ असे म्हणतात. लेखक, वक्ता किंवा चित्रपटकार म्हणून कोणी जन्मत नाही. तो होत होत जातो. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६३ पासून, ‘कऱ्हेचे पाणी’चे खंड निघू लागले. १९६८ पर्यंत पाच खंड झाले, आणि १३ जून १९६९ रोजी अत्रे निवर्तले. पुढील खंड त्यांच्या कन्या शिरीष पै यांनी अत्र्यांच्याच लेखनातून सिद्ध केले.

येथे शूद्रकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ‘मृच्छकटिका’च्या प्रस्तावनेत सूत्रधार नाटककाराची ओळख करून देतो आणि सांगतो, की शूद्रक राजाने शंभर वर्षे आणि दहा दिवस आयुष्य भोगून अग्निप्रवेश केला. स्वतःच्या नाटकात स्वतःच्या मृत्यूची बातमी! पंडितांनी यावर पुष्कळ चर्चा केली आहे, आणि तो भाग मागाहून कोणी घातला असावा असे बहुतेकांचे मत आहे. साध्या वाचकाला मात्र त्यातून एक मौज कळते. कोणाचेही आत्मचरित्र त्याला स्वतःला पुरे करता येत नाही. अखेरची पाने दुसऱ्या कोणीतरी लिहावी लागतात. शूद्रकाच्या बाबतीत ते काम कोणा अनामिकाने केले असावे, अत्र्यांच्या बाबतीत लेकीने केले.

आता ‘मृच्छकटिका’तीलच एक प्रसंग पाहू, कारण विनोदी आत्मकथनाचे सगळे मर्म त्यात साठविलेले आहे. चारुदत्त हा उज्जयिनीचा एकेकाळचा श्रीमंत व्यापारी. दानधर्मात सारी संपत्ती गेली आणि घरात दारिद्र्य आले. त्याच्या घरी शर्विलक नावाचा ब्राह्मण चोर रात्री भिंत फोडतो. हा चोर शास्त्रोक्त चोरी करणारा आहे. भोक कमळासारखे पाडावे, सूर्यबिंबासारखे पाडावे, चंद्रकोरीसारखे पाडावे की स्वस्तिकासारखे, याचा तो गंभीरपणे विचार करतो, मोजमापासाठी गळ्यातले यज्ञोपवीत वापरतो आणि शेवटी पूर्णकुंभाचा आकार निवडतो. सकाळी घरात एकच हलकल्लोळ उडतो. चारुदत्त त्या भगदाडासमोर येऊन उभा राहतो, आणि पहिली गोष्ट काय करतो? त्या कामगिरीच्या सौंदर्याची तारीफ करतो! त्याला दुःख होते ते वेगळ्याच गोष्टीचे. बिचारा चोर एवढी मेहनत घेऊन आपल्यासारख्या दरिद्र्याच्या घरातून रिकाम्या हाताने परत गेला असेल, ही हळहळ त्याला वाटते. आणि चोर काहीतरी घेऊन गेला असे समजल्यावर त्याला क्षणभर चक्क समाधान होते.

श्रोतेहो, आपल्याच घराच्या भिंतीला पडलेल्या भगदाडाकडे दोन पावले मागे सरून पाहणे आणि त्याचा आकार न्याहाळणे, यालाच मी विनोदी आत्मकथन म्हणतो. नुकसान झालेले असते. ते कोणी नाकारीत नाही. परंतु नुकसान झालेला मनुष्य आणि ते पाहणारा मनुष्य यांच्यात थोडे अंतर निर्माण होते, आणि त्या अंतरात हसू उगवते. ज्याला हे अंतर साधते तो दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागतो. ज्याला ते साधत नाही तो आयुष्यभर त्या भगदाडापाशीच बसून राहतो.

अत्र्यांना हे अंतर फार लवकर साधले. त्यांची साहित्यातील पहिली मोठी ओळख कशाने झाली? ‘झेंडूची फुले’ या विडंबनकवितांच्या संग्रहाने. राम गणेश गडकऱ्यांच्या सहवासाने भारावलेला हा तरुण स्वतः गंभीर कविता लिहीत असे. ‘केशवकुमार’ हे त्याचे टोपणनाव. १९२० नंतरच्या दशकात मराठी कवितेत जे हळवे संकेत आणि ठराविक शब्द रूढ झाले होते, त्यांची त्याने अशी काही थट्टा केली की मूळ कविता विसरल्या गेल्या तरी विडंबने लोकांच्या तोंडी राहिली. संग्रहाचे नावही पाहण्यासारखे आहे. गुलाब, मोगरा, पारिजातक यांना काव्यात मानाचे पान. झेंडू हे दाराच्या तोरणाचे आणि बाजारातल्या ढिगाचे फूल. नव्या लेखकाने काय शिकावयाचे ते येथे शिकावे. जे फूल हाताशी आहे त्याचाच हार गुंफावा; आधी गुलाब मिळू दे, मग माळ करीन, असे म्हणणाऱ्याची माळ कधीच होत नाही. आणखी एक गोष्ट अशी, की विडंबन करणाऱ्याला मूळ काव्याचा छंद, लय आणि शब्दकळा मूळ कवीइतकीच अवगत असावी लागते. थट्टा करण्यासाठी सुद्धा आधी अभ्यास करावा लागतो; आणि तो अभ्यास पुढे गंभीर कामास उपयोगी पडतो.

अत्रे व्यवसायाने शिक्षक. पुण्याच्या कॅम्प भागातील शाळेचे ते मुख्याध्यापक होते. लंडनला जाऊन त्यांनी १९२८ साली अध्यापनाची पदविका मिळविली. मुलांसाठी त्यांनी तयार केलेल्या ‘नवयुग वाचनमाले’ने मराठी पाठ्यपुस्तकांचा चेहराच बदलला. या शिक्षकी पेशाचा त्यांच्या विनोदाशी निकटचा संबंध आहे. वर्गात चाळीस मुले समोर बसली असता, कोणते वाक्य मुलांपर्यंत पोहोचले आणि कोणते भिंतीवर आपटून परत आले, हे मास्तरला तत्क्षणी कळते. पुढे नाट्यगृहातील हजार माणसांसाठी लिहिताना हीच तालीम कामी आली असली पाहिजे. तेव्हा रोजीरोटीचा धंदा आपल्या कलेच्या आड येतो, अशी तक्रार करणाऱ्यांनी अत्र्यांकडे पाहावे. कचेरीतील कारकून असो, शाळेतला मास्तर असो की बाजारातला दुकानदार असो, त्याच्या धंद्यात माणसांचे जे दर्शन घडते तेच त्याचे भांडवल होऊ शकते.

त्या भांडवलावर अत्र्यांनी आधी नाटके उभी केली. १९३३ सालच्या ‘साष्टांग नमस्कार’मध्ये सूर्यनमस्कारांचे वेड लागलेला रावबहादूर आहे आणि त्याच्याभोवती दुसऱ्या कोणत्या ना कोणत्या वेडाने झपाटलेली माणसे आहेत. मग ‘भ्रमाचा भोपळा’ आला, ‘लग्नाची बेडी’ आली. आणि हसविणारा म्हणून नाव झाले असतानाच ‘घराबाहेर’ आणि ‘उद्याचा संसार’ यांसारखी गंभीर नाटकेही त्यांनी लिहिली. नाटकांच्या पाठोपाठ चित्रपट आला.

तो काळ मराठी बोलपटाच्या ऐन उमेदीचा होता. १९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला आणि बोलणाऱ्या चित्रपटाला अर्थातच लिहिणारा लागू लागला. मूकपटाला युक्ती आणि देखावा यांवर निभावून नेता येई. बोलपटाला संवाद हवा. कोल्हापूर आणि पुणे येथील संस्थांनी नाटककारांची आणि कथालेखकांची दारे ठोठावली. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांच्या ‘हंस पिक्चर्स’साठी अत्र्यांनी लिहिलेले ‘ब्रह्मचारी’ (१९३८) आणि ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) हे चित्रपट अतोनात गाजले. पहिल्यात देशभक्ताचे व्याख्यान ऐकून आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेणारा औदुंबर आहे. आणि शपथ घेऊन झाल्यावर त्याच्या वाटेत येणारी किशोरी आहे. दुसऱ्यात दामुअण्णा मालवणकरांनी रंगविलेला बगाराम हा नगरपालिकेतला भाबडा कारकून आहे. दारूचे नावही ज्याला ठाऊक नाही अशा या गृहस्थावर औषधासाठी ब्रँडीची बाटली शोधीत फिरण्याचा प्रसंग येतो. मुंबई इलाख्यात दारूबंदीची चर्चा ऐन भरात असताना हा चित्रपट आला, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची धार कळते.

हे चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांतून निघत. मराठी मुलखातील चित्रपटगृहे मोजकी, आणि खर्च तर तेवढाच. म्हणून त्याच देखाव्यापुढे एकदा मराठीतून आणि पुन्हा हिंदीतून प्रसंग घेण्याची पद्धत होती. उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी कुटुंबे घरात एक आणि बाजारात दुसरी अशा दोन भाषा बोलत आली आहेत. ज्या द्विभाषिकपणाचा आपल्याला संकोच वाटतो, तोच या धंद्याचा एके काळी आधार होता. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर वाढलेल्या वनमालाबाईंना मराठी आणि हिंदी या दोन्ही पडद्यांवर सारख्याच सहजतेने वावरता आले, यात मग नवल ते काय?

पुढे अत्र्यांनी स्वतःची संस्था काढली. १९४१ मध्ये सासुरवासावरचा ‘पायाची दासी’ आला आणि १९४२ मध्ये ‘वसंतसेना’. ‘वसंतसेने’नंतर त्यांच्या चित्रपटजीवनातील खरा कळस यावयास अकरा वर्षे जावी लागली. ही अकरा वर्षे रिकामी नव्हती. १९४० मध्ये सुरू झालेले ‘नवयुग’ साप्ताहिक चालू होते. १९४२ च्या नाशिक साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद झाले. ‘मोरूची मावशी’ रंगभूमीवर येऊन लोकांना हसवून गेली. एका क्षेत्रात वारा पडला म्हणजे दुसऱ्या क्षेत्रात शीड उभारावयाचे, ही या माणसाची रीत होती.

१९५३ साली ‘श्यामची आई’ आला. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले होते आणि १९५० मध्ये गुरुजी गेले होते. कोकणातल्या एका गरीब, कर्जबाजारी घरातील आई आणि तिचा मुलगा एवढीच त्याची कथा. तीत खलपुरुष नाही, रहस्य नाही, विनोदाला तर जागाच नाही. असा विषय ‘ब्रँडीची बाटली’च्या लेखकाने हाती घ्यावा, हे पुष्कळांना विपरीत वाटले असेल. आईच्या भूमिकेसाठी वनमालाबाई निवडल्या गेल्या, ही निवडही तशी धाडसाचीच होती. संस्थानी अधिकाऱ्याच्या घरात वाढलेली, पडद्यावर रुख्साना आणि वसंतसेना झालेली ही स्त्री फाटक्या लुगड्यातील कोकणी माऊली झाली, आणि महाराष्ट्राने तिला आई म्हणून स्वीकारले. १९५४ मध्ये राष्ट्रीय पारितोषिके प्रथमच दिली गेली, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या मराठी चित्रपटाने मिळविले. लगोलग आलेल्या ‘महात्मा फुले’ या अत्र्यांच्याच चित्रपटाने सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे रौप्यपदक घेतले. वनमालाबाई २००७ साली ग्वाल्हेर येथे निवर्तल्या. पण आजही त्यांचे नाव निघाले की प्रथम ‘श्यामची आई’च आठवते.

हसविणाऱ्याला रडविता आले ते कसे? माझ्या अल्प मतीप्रमाणे, त्याला प्रमाणाची जाण होती म्हणून. कोणती गोष्ट किती ताणली म्हणजे हास्यास्पद होते हे विनोदी लेखकाला पुरते ठाऊक असते. म्हणून करुण प्रसंग रंगविताना तो ताण कोठे सोडावा हेही त्याला कळते. जगातील सर्वश्रेष्ठ विनोदी नट चार्ली चॅप्लिन याचेही तेच झाले. लंडनच्या दारिद्र्यात भुकेने तळमळलेले त्याचे बालपण त्याने १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९२५ च्या ‘गोल्ड रश’मध्ये, त्याने बूट शिजवून खाणारा उपाशी माणूस दाखवून जगाला हसविले होते. भूक तीच, ती पाहण्याचे अंतर मात्र बदलले होते. आपल्याकडेही चित्रपटकारांच्या आत्मकथनाची परंपरा जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ नावाच्या मासिकात आपल्या धडपडीची हकीकत लिहिली होती. विश्राम बेडेकरांच्या ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या साऱ्यांत अत्र्यांचा आवाज वेगळा उठून दिसतो, कारण तो सभेतला आवाज आहे. एका वाचकाशी बोलतानाही जणू शिवाजी पार्कवरच्या गर्दीला उद्देशून ते बोलत असतात.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने केवळ स्तुती करून भागणार नाही. अत्र्यांना अतिशयोक्ती प्रिय होती. त्यांच्या भाषणांप्रमाणेच त्यांच्या आठवणीही मोठ्या आवाजात बोलतात. हे आत्मचरित्र म्हणजे काळाचे जिवंत चित्र आहे. तारखांचा आणि आकड्यांचा दप्तरखाना मात्र नव्हे. ज्याला तपशील हवा असेल त्याने तो समकालीन वृत्तपत्रांशी आणि इतरांच्या आठवणींशी ताडून घ्यावा. दुसरा दोष याहून गंभीर. अत्र्यांचा विनोद स्वतःवर उलटतो तेव्हा तो निर्मळ असतो. प्रतिपक्षावर उलटतो तेव्हा त्याला पुष्कळदा दया राहत नाही. ना. सी. फडके यांच्याशी झालेला त्यांचा गाजलेला वाद किंवा त्यांच्या ‘मराठा’ दैनिकातील कित्येक अग्रलेख वाचताना आज हसू येते, आणि हसता हसता थोडे वाईटही वाटते.

या दोषाचा विचार करताना पुन्हा चारुदत्ताच्या भिंतीकडे वळावे. भगदाडाचे सौंदर्य पाहून तो खूष झाला हे खरे. पण चोरीला गेलेले अलंकार आपले नव्हते, वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेली ती ठेव होती, हे ध्यानात येताच तो मूर्च्छित पडतो. स्वतःच्या नुकसानीवर हसणारा माणूस दुसऱ्याच्या ठेवीवर हसू शकत नाही. अखेर त्याची पत्नी धूता आपल्या गळ्यातील रत्नमाला देते, आणि ती वसंतसेनेकडे पोहोचती होते. आत्मचरित्र लिहिणाऱ्याच्या हाती दुसऱ्यांची अब्रू ही अशीच ठेव असते. आपली फजिती त्याने खुशाल उधळावी. दुसऱ्याची ठेव मात्र परत करावी, आणि ती करताना रत्नमाला द्यावी लागली तरी द्यावी. शूद्रकाने घालून दिलेली ही मर्यादा अत्र्यांनी सर्वत्र पाळली असे म्हणता येणार नाही. त्यांच्याकडून शिकताना ही एक गोष्ट आपण त्यांच्या पलीकडे जाऊन शिकावी.

आता या साऱ्याचा मथितार्थ काय? उपदेश करण्याचा अत्र्यांचा स्वभाव होता, पण त्यांचा खरा उपदेश त्यांच्या वागण्यात आहे. पहिली गोष्ट, हाताशी असलेल्या झेंडूपासून आरंभ करावा. दुसरी, पोटाचा धंदा हा कलेचा वैरी मानू नये. माणसे पाहण्याची ती खिडकी आहे. तिसरी, एक दार बंद झाले तर कुढत न बसता दुसऱ्या कामात स्वतःला गुंतवावे. अकरा वर्षांनी सुवर्णपदक येते, पण त्या अकरा वर्षांत हात चालू राहिलेला असला तरच. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की लोक हसतील या भयावर एकच उपाय आहे: आधी आपण हसावे. जो स्वतःला हसून मोकळा झाला त्याला दुसऱ्याच्या हसण्याची कसली भीती?

हिंदीच्या शेजारी वाढलेली मराठी घेऊन, गोपाळ मंदिराच्या परिसरात किंवा फ्रीगंजमध्ये राहणारा एखादा मुलगा वा मुलगी आज गुपचूप नाटुकले लिहीत असेल, किंवा हातातल्या लहानशा यंत्रावर चार मित्रांना घेऊन चित्रपट करून पाहत असेल. त्यांना कोणी सांगावे, की याच गावात दोन हजार वर्षांपूर्वीच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या गोष्टी नाटकात रंगविल्या गेल्या, त्यात राजाच्या मेव्हण्याची फजिती झाली, जुगाऱ्याचा भिक्षू झाला, आणि मातीच्या गाडीवरून सोन्याची कथा निघाली. चारुदत्ताच्या मुलाला सोन्याची गाडी हवी होती; त्याला मिळाली ती मातीची. तो रडू लागला तेव्हा वसंतसेनेने आपले अलंकार त्या मातीच्या गाडीत ठेवले. नाटकाचे नाव मात्र सोन्यावरून पडले नाही, मातीवरून पडले. आपल्याजवळ आज जी मातीची गाडी आहे ती ओढीत बाहेर काढावी. तिच्यात सोने ठेवणारे कोणी ना कोणी वाटेत भेटते.